समुपदेशन नेमके कुणाचे?

मुंबईच्या नायर रुग्णालयातील आदिवासी निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी मे २०१९ मध्ये आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. तीन डॉक्टरांना अटक झाली. आता मोठमोठ्या कंपन्याही कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी समुपदेशक नेमतात. जरूर नेमा! पण टोमणे मारणारा मोकळा आणि ऐकणाऱ्याचेच समुपदेशन, हा कुठला न्याय? ‘आडनाव काय?’ इथून सुरू होणारा त्रास गोळ्यांनी थांबत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत समिती सक्तीची केली. जातीय छळासाठी खासगी कंपन्यांवर तशी सक्ती नाही. उरते पोलीस ठाणे. नोकरी सांभाळून तिथे किती जण जातील? कामगार संघटनांनी ही समिती मागणीपत्रात घालावी, बोनसच्याही आधी.