भावे-सुकथनकर: सगळ्यात भारी कुठला, सगळ्यात फसलेला कुठला?

वीकेंडला चार मराठी माणसं जमली की दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे पुण्यातलं ट्रॅफिक, आणि दुसरा म्हणजे 'मराठी सिनेमा आता सुधारलाय, नाही का?' पहिल्यावर बोलण्यात अर्थ नाही. दुसऱ्यावर बोलताना 'श्वास', 'सैराट' अशी नावं येतात आणि गाडी पुढे जाते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ही नावं मात्र कुणीतरी आठवण करून दिल्याशिवाय येत नाहीत. आली तरी 'हो, ते विषय घेऊन सिनेमे करायचे ते ना?' एवढंच. म्हणजे आदर आहे, पण गृहपाठासारखा.

मला हे दोघं मनापासून आवडतात. आणि आवडत्या लोकांच्या कामातलं चांगलं-वाईट निवडायची मजा वेगळीच असते. सचिनची सर्वोत्तम इनिंग कुठली यावर आपण रात्र काढतो की नाही? मग इथे काय हरकत आहे!

आधी थोडी ओळख, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सुमित्रा भावे यांचा जन्म १९४३ चा, सुकथनकर १९६६ चे. म्हणजे वयात तेवीस वर्षांचं अंतर. भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. सिनेमाचं रीतसर शिक्षण नाही. बायकांच्या आयुष्यावर संशोधन करताना त्यांना वाटलं की हे अहवालात लिहून ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्या १९८५ मध्ये 'बाई' नावाच्या लघुपटाकडे वळल्या. सुकथनकर नंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकले. ते गाणीही लिहितात. पहिला मोठा सिनेमा 'दोघी', १९९५. तिथून पुढे 'वास्तुपुरुष', 'दहावी फ', 'देवराई', 'नितळ', 'एक कप च्या', 'संहिता', 'अस्तु', 'कासव', 'वेलकम होम'... यादी मोठी आहे. १९ एप्रिल २०२१ ला भावे गेल्या.

आता वादाकडे. हा वाद मी गेली कित्येक वर्षं माझ्या मामेभावाशी घालतोय. दादा बोदवडला असतो, त्याचं मेडिकल स्टोअर आहे. बोदवड म्हणजे भुसावळ-नागपूर लाईनवर, भुसावळ आणि मलकापूरच्या मधलं जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कापसाचा मुलुख. तिथल्या पडद्यावर भावे-सुकथनकरांचा एकही सिनेमा लागलेला मला तरी आठवत नाही. दादाने हे सगळे सिनेमे टीव्हीवर, सीडीवर आणि अलीकडे मोबाईलवर, काउंटरमागे बसून गिऱ्हाईक करता करता पाहिलेत. आणि तरी (की म्हणूनच?) त्याची मतं माझ्यापेक्षा ठाम आहेत.

भांडण सुरू झालं 'कासव'वरून. २०१६ च्या सिनेमांसाठीचं सुवर्णकमळ 'कासव'ला मिळालं. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि मग 'कासव', म्हणजे हा मान मिळवणारा हा पाचवाच मराठी सिनेमा. मी खुशीत दादाला फोन केला. दादा म्हणाला, "चांगला आहे. पण हा तुमच्या पुण्या-मुंबईतल्या लोकायचा सिनेमा आहे भो."

त्याचं म्हणणं असं. सिनेमात एक तरुण मुलगा आहे, आलोक राजवाडेने केलाय. आत्महत्येचा प्रयत्न करून हॉस्पिटलातून पळालेला. तो जानकीला (इरावती हर्षे) भेटते. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली, त्यामुळे ती त्याला काही विचारत नाही, उपदेश करत नाही, कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी घेऊन जाते. तिथे किशोर कदमने केलेला ड्रायव्हर यदू आहे, कासवांच्या संवर्धनाचं काम करणारे दत्ताभाऊ (डॉ. मोहन आगाशे) आहेत. मुलाला वेळ मिळतो, जागा मिळते, शांतता मिळते. हळूहळू तो सावरतो.

"आता मला सांग," दादा म्हणाला, "माझ्या दुकानावर जळगावच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पोरं येतात. चिठ्ठी घडी करून खिशात, दुकान रिकामं व्हायची वाट पाहतात, मंग हळूच पुढे करतात. घरी सांगितलेलं नसतं. दोन महिने गोळ्या घेतात, मंग येणंच बंद. त्यायले कुठून भेटणार जानकीबाई? कुठून आणायचा समुद्र?"

या प्रश्नाने मी बराच काळ अस्वस्थ होतो. कारण उत्तर सोपं नाही. एक उत्तर असं की सिनेमा म्हणजे काही सरकारी योजना नव्हे, तो एका मुलाची गोष्ट सांगतो, सगळ्यांची सोय लावत नाही. बरोबरच आहे. पण भावे-सुकथनकरांच्या बाबतीत ही पळवाट चालत नाही, कारण त्यांनी स्वतःच सिनेमाकडे 'हे लोकांपर्यंत पोचलं पाहिजे' म्हणून पाहिलं. मग 'कुठल्या लोकांपर्यंत?' हे विचारायचा हक्क दादाला आहे.

यातूनच मला त्यांचे सिनेमे मोजायची एक पट्टी सापडली. ती अशी: सिनेमातलं ओझं कोण उचलतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं? विषय नैराश्य असो, स्मृतिभ्रंश असो की दुष्काळ, या दोघांचे सिनेमे जेव्हा ही किंमत चोख हिशेबात धरतात तेव्हा ते अफाट होतात. जेव्हा ती किंमत परस्पर माफ होते तेव्हा सिनेमा छान, सुसंस्कृत आणि थोडा हलका होतो.

ही पट्टी लावून बघा. 'देवराई' (२००४). अतुल कुलकर्णीचा शेष स्किझोफ्रेनियाने आजारी आहे. गावच्या देवराईने त्याला झपाटलंय. त्याला शहरात आपल्या घरी आणते त्याची बहीण, सोनाली कुलकर्णी. आता ही बहीण नोकर-चाकरांच्या राज्यात राहत नाही. तिला नवरा आहे, घर आहे, स्वतःचा जीव आहे. आजारी माणूस घरात आला की दाराच्या कड्यांपासून जेवणाच्या वेळांपर्यंत सगळं बदलतं, ते या सिनेमात दिसतं. डॉक्टर समजावून सांगतात ते भाग थोडे शाळेतल्या धड्यासारखे आहेत हे मान्य. पण बहिणीचा थकवा खरा आहे. दादाचा नंबर एक 'देवराई' आहे आणि त्याचं कारणही तेच. तो म्हणतो, आपल्याकडे पेशंटला 'येडा' म्हणतात आणि त्याला सांभाळणारीला काहीच म्हणत नाहीत. तिच्याकडे बघितलं ते या सिनेमाने.

'अस्तु' त्याहून पुढे जातो. २०१३ चा हा सिनेमा, थिएटरात आला २०१६ मध्ये. डॉ. मोहन आगाशेंनी केलेले संस्कृतचे पंडित, डॉ. चक्रपाणि शास्त्री. आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस, आणि अल्झायमरमुळे शब्दच निसटताहेत. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी जाते, तेवढ्यात रस्त्यावर हत्ती दिसतो आणि शास्त्री लहान मुलासारखे त्याच्या मागे निघून जातात. मुलगी वेड्यासारखी शोधत राहते. शास्त्री मात्र माहुताच्या कुटुंबाकडे पोचलेले असतात.

माहुताची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष. तिला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि याच सिनेमाच्या संवादांसाठी सुमित्रा भावेंनाही. आता बघा, चन्नम्माकडे ना समुद्रकाठचं घर, ना गाडी. पोटाची चिंता आहे, पदरी मूल आहे. त्यात हा परका म्हातारा. तिला अल्झायमर हा शब्दही ठाऊक नसेल. पण ती त्याला खाऊ घालते, सांभाळते, कारण तिच्या लेखी तो एक मोठं झालेलं मूल आहे. म्हणजे दादाच्या 'जानकीबाई कुठून आणायची' या प्रश्नाला याच जोडीने 'कासव'च्या तीन वर्षं आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. माया परवडायला श्रीमंत असावं लागत नाही. पण (आणि हे महत्त्वाचं) सिनेमा तिथे थांबत नाही. चन्नम्माची माया एका दिवसाची, मुलीची जबाबदारी रोजची, हा फरक तो विसरत नाही. एक दिवस देव होणं सोपं असतं हो, रोज सकाळी उठून तेच करणं अवघड. मुलीचा वैताग, तिचा अपराधीपणा, सगळं त्यात आहे.

तरीही माझा नंबर एक 'अस्तु' नाही. 'दोघी' आहे.

'दोघी'त कुणी डॉक्टर नाही, समजावून सांगणारं कुणी शहाणं माणूस मधे येऊन बसत नाही. गौरीचं (रेणुका दफ्तरदार) लग्न ठरतं, ऐन लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या वऱ्हाडाला अपघात होतो, आणि मुलगी 'अपशकुनी' ठरते. घर कोसळतं. खायची पंचाईत. मग मामा (सदाशिव अमरापूरकर) गौरीला मुंबईला नेतो आणि ती वेश्याव्यवसायात ढकलली जाते. तिच्या पैशावर घर जगतं. धाकटी कृष्णा (सोनाली कुलकर्णी) मोठी होते, तिच्या लग्नाची वेळ येते, आणि मोठी बहीण घरी येते. उत्तरा बावकरांची आई त्या क्षणी जे वागते ते बघून आधी राग येतो. मग हळूहळू कळतं, की लेकीचे पैसे घेणारे हात आणि लेकीला दारात अडवणारे हात एकाच बाईचे आहेत, आणि तिला या दोन्हींपैकी एकही टाळता आलेलं नाही. किंमत कुणी मोजली हा प्रश्न इथे कुणी मोठ्याने विचारत नाही, कारण घरातल्या सगळ्यांना उत्तर माहीत आहे. म्हणूनच कुणी एकमेकांकडे बघत नाही.

आमच्याकडच्या माणसाला 'दोघी' जवळचा वाटायला आणखी एक कारण आहे. गाणी ना. धों. महानोरांची. महानोरांचं पळसखेड जिल्ह्याच्या हिशेबात औरंगाबादेतलं (आता छत्रपती संभाजीनगर), पण जळगावला लागूनच. त्या गाण्यांतली कोरडी जमीन आम्ही उन्हाळ्यात पायाने चालून पाहिलेली आहे. संगीत आनंद मोडकांचं, आणि अंजली मराठेला याच सिनेमातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता सगळ्यात फसलेला. इथे दादाचं उत्तर 'कासव' आणि माझं 'हा भारत माझा'. 'कासव'ला सगळ्यात वाईट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. उपदेश न करता सोबत बसणं ही गोष्ट त्या सिनेमाने इतकी शांतपणे दाखवली आहे की तेवढ्यासाठी तो बघावाच. किंमत माफ झाली हा त्याचा दोष, पण माणसं खरी आहेत.

'हा भारत माझा'चं दुखणं वेगळं आहे. २०११ च्या ऑगस्टमधलं अण्णा हजारेंचं आंदोलन आठवा. टोप्या, मेणबत्त्या, टीव्हीवर दिवसभर रामलीला मैदान. त्या तापलेल्या हवेत एका मध्यमवर्गीय घरातली भ्रष्टाचाराबद्दलची घालमेल या सिनेमात आहे. हेतू शंभर टक्के प्रामाणिक. पण माणसांपेक्षा भूमिका जास्त बोलतात. एक जण हे मत, दुसरा ते मत. आणि सिनेमाला लागणारी अर्धी ऊर्जा बाहेरच्या बातम्यांतून उसनी आणलेली. २०१२ संपेपर्यंत त्या आंदोलनातून एक राजकीय पक्ष निघाला होता आणि लोक पांगले होते. बातमी शिळी झाली की तिच्या जोरावर उभा सिनेमाही शिळा होतो.

हे पटत नसेल तर शेजारी 'एक कप च्या' (२००९) ठेवून बघा. विषय तोच, सामान्य माणूस आणि सरकारी यंत्रणा. पण इथे किशोर कदम हा कोकणातला एसटी कंडक्टर आहे आणि त्याच्या घरी अवाच्या सवा रकमेचं वीजबिल आलंय. बस्स. भाषण नाही, मैदान नाही. एक कागद आहे, आणि त्याच्या विरोधात माहितीच्या अधिकाराचा, म्हणजे २००५ च्या कायद्याचा, दुसरा कागद. खेटे, अर्ज, टेबलं, 'उद्या या'. चुकीचं बिल आलेला माणूस बोदवडला आहे, पुण्यात आहे, आणि पुढची पन्नास वर्षं असणार आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एका सिनेमाने मोठी घोषणा केली, दुसऱ्याने एक बग शोधून त्याचं तिकीट बंद होईपर्यंत पाठपुरावा केला. मला दुसरा जास्त क्रांतिकारक वाटतो.

तर माझी यादी अशी: 'दोघी', मग 'अस्तु', मग 'एक कप च्या', मग 'देवराई'. तळाला 'हा भारत माझा'. 'वास्तुपुरुष' आणि 'संहिता' कुठे बसवायचे यावर माझं दर वर्षी मत बदलतं, म्हणून ते सध्या मोकळे. 'दिठी' यात धरत नाही, कारण तो भावेंनी एकटीने दिग्दर्शित केलेला. सुकथनकरांचा २०२४ चा 'आऊटहाऊस'ही त्यांचा एकट्याचा.

दादाला यादी वाचून दाखवली. 'दोघी'वर तो काही बोलला नाही, म्हणजे पटलं असावं. 'कासव'वर मात्र हटायला तयार नाही. पण त्यानेच मागच्या वर्षी एक गोष्ट सांगितली. आता चिठ्ठी घेऊन आलेलं पोरगं दोन महिन्यांनी यायचं बंद झालं, की तो फोन करतो. "काहून रे, गोळ्या संपल्या असतील ना?" एवढंच विचारतो. बाकी काही नाही.

मी म्हटलं, दादा, हे तू 'कासव' बघून करायला लागलास का? तर म्हणाला, "नाही भो. त्यात फोनच कुठे करतात?"

असो. मला आपलं वाटतं की हा सिनेमा त्याला वाटतो तितका पुण्या-मुंबईचा नाही. त्याचं मत वेगळं आहे, आणि ते ऐकायला हे दोन्ही दिग्दर्शक आनंदाने तासभर बसले असते.