नृत्याची पात्रता, पावलांविना

विद्यापीठात नृत्य शिकविण्यास कोण पात्र आहे, हे ठरविणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत उमेदवाराला एक पाऊलही टाकावे लागत नाही. तीन तासांत संगणकावर १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे. त्यांतले ५० सर्वसाधारण अध्यापनक्षमतेचे आणि १०० विषयाचे. विषयही नृत्याचा एकट्याचा नव्हे. नाट्य त्यातच अंतर्भूत. नाट्यशास्त्रातील करणांची संख्या १०८, हे अचूक सांगणारा परीक्षार्थी त्यांपैकी एक तरी करण अंगाने उभे करू शकतो काय, हे पाहण्याची सोय तीत नाही. २०२४-२५ पासून पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही याच परीक्षेचे गुण धरण्याची व्यवस्था विद्यापीठ अनुदान आयोगाने केली. म्हणजे अध्यापन आणि संशोधन या दोन्ही दारांवर आता एकच पहारेकरी उभा आहे.

पदव्युत्तर परीक्षेत प्रात्यक्षिक असतेच, मग ते पुन्हा कशाला, असा आक्षेप येईल. आक्षेप वाजवी आहे. परंतु निवडीच्या वेळी मोजले जाते ते शेवटच्या चाळणीतून उतरलेले. विद्यार्थीही मग त्या चाळणीच्या मापाने घडू लागतात. रियाजाचा तास कमी करून प्रश्नसंच पाठ करणे हाच शहाणपणा ठरतो.

खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ साली निघाले. मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय १९७२ साली, तर पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले. नृत्याला विद्यापीठात जागा मिळावी म्हणून त्या पिढीने जो खटाटोप केला, तो केवळ पदवीच्या कागदासाठी नव्हता. नालंदाच्या संस्थापिका डॉ. कनक रेळे यांचेच उदाहरण घ्यावे. १९७०-७१ च्या सुमारास त्यांनी केरळात जाऊन कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मु अम्मा आणि कल्याणिकुट्टी अम्मा या वयोवृद्ध नर्तकींचे मोहिनीअट्टम् चित्रफितीवर उतरवून घेतले. पुढे १९७७ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना याच विषयात पीएच.डी. दिली. त्या संशोधनाची मूळ साधने ग्रंथालयात नव्हती, ती त्या नर्तकींच्या शरीरांत होती. आणि ती वाचावयास लहानपणापासून कथकलीत मुरलेले शरीरच उपयोगी पडले. असे संशोधन बहुपर्यायी प्रश्नांच्या चाळणीतून कसे ओळखणार?

याला एक अर्थशास्त्रीय बाजूही आहे, आणि खरी अडचण बहुधा तीच असावी. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले, की कारखान्यात दरडोई उत्पादन वाढते, तसे प्रयोगकलांत वाढत नाही. ततकाराची एक लय पक्की बसविण्यास पन्नास वर्षांपूर्वी जितके तास लागत, तितकेच आजही लागतात. गुरू मात्र आजच्या महागाईत जगतो. शिवाय कथकच्या वर्गात तबलजी हवा, लेहरा धरणारा हवा. साहजिकच दर विद्यार्थ्यामागील खर्च वाणिज्य शाखेच्या मानाने कितीतरी अधिक भरतो. त्यातच श्रेयांकाच्या हिशेबात व्याख्यानाचे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे ३० तास सारखे धरण्याचा प्रघात आहे. प्रयोगशाळेच्या सोयीसाठी आखलेले हे माप नृत्याला लावले, की या विषयाचा जो गाभा तोच निम्म्या किमतीचा ठरतो.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत नामवंत कलावंतांसाठी निराळी वाट होती, हे येथे नमूद केले पाहिजे. पण पूर्ण वेळाचे पदच नसेल आणि काम तासिका तत्त्वावर करावे लागत असेल, तर स्वतःची नृत्यशाळा सोडून कोणता कलावंत त्या वाटेने येईल?

पदांचा प्रश्न सरकारच्या तिजोरीशी निगडित आहे, तो एका वर्षात सुटणार नाही. परीक्षेचे तसे नाही. नृत्याचा विषय नाट्यापासून वेगळा काढून लेखी परीक्षेनंतर अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक ठेवणे अवघड असू नये. त्यासाठी परीक्षक आणि साथीदार बोलवावे लागतील एवढेच. पीएच.डी.च्या प्रवेशात पात्रता परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार दिलेला आहे. ती मुलाखत कार्यालयातील टेबलाभोवती न घेता नृत्यशाळेत, साथीदार बसवून घेण्यास विद्यापीठांनी येत्या प्रवेशापासूनच प्रारंभ करावा.