माणूस ओळखणारी माणसं

‘मी माणूस एका नजरेत ओळखतो’ असं म्हणणारा गृहस्थ भेटला की मी आधी खिशातलं पाकीट चाचपतो. (हाही पूर्वग्रहच म्हणा, पण तो मी स्वकष्टाने कमावलेला आहे.)

या मंडळींची पारख कधी चुकत कशी नाही, याचं मला पूर्वी कोडं पडायचं. उत्तर सोपं निघालं. चूक कळायला समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते खातं तर यांनी पहिल्या नजरेतच बंद केलेलं असतं! आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, व्हाउचर न बघता थेट ताळेबंद. ऑडिटरने असं केलं तर त्याची सनद जाईल. माणसांच्या बाबतीत केलं तर लोक म्हणतात, ‘वा, काय नजर आहे!’

हे मी अधिकाराने बोलतो, कारण २० वर्षं काउंटरवर बसून मीही असाच पारखी झालो होतो. आमची शाखा इचलकरंजीत. एके दिवशी एक आजोबा आले. मळका सदरा, प्लॅस्टिकची पिशवी, आणि आवाज असा की मॅनेजरसाहेब केबिनमध्ये दचकून उभे राहिले. पिशवीत उंदरांनी कुरतडलेल्या ५०० च्या नोटा. मी मनात शेरा मारला: भांडकुदळ, सकाळीच घेतलेली दिसतेय. म्हटलं, ‘उद्या या.’ उद्या आले. पुन्हा तोच आवाज, पुन्हा माझं ‘उद्या’. तिसऱ्या दिवशी आमचा शिपाई कानाशी लागला, ‘साहेब, भांडत न्हाईत ते. ४० वर्षं माग चालवलाय. मागाच्या खडखडाटात हळू बोलून भागतंय व्हय? आता कान गेलंत, आवाज तेवढा ऱ्हायलाय.’

म्हणजे माझं ‘उद्या’ त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि त्यांचं गाऱ्हाणं अख्ख्या शाखेला ऐकू येत असून मी ऐकत नव्हतो. दोघांत बहिरा कोण, ते आपणच ठरवा. मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून विचारलं. नातीच्या कॉलेजची फी होती. मुदत संपायला एकच ‘उद्या’ शिल्लक होता.

आता गंमत बघा. फाटक्या नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, २००९ चे, २०१८ मध्ये दुरुस्त केलेले. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त उरला असेल तर पूर्ण पैसे. ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. नोट उंदराने खाल्ली तरी आम्ही मोजपट्टी लावून तिचं उरलंसुरलं म्हणणं ऐकून घेतो. माणसाचा नुसता सदरा मळला की सरळ शून्य टक्के!

आजोबांच्या बहुतेक नोटा ८० च्या वर भरल्या. पैसे मोजून घेताना ते शिपायाला हळूच म्हणाले. हळूच म्हणजे त्यांच्या मते. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानेही ते ऐकलं.

‘माणूस चांगलाय की रं ह्यो! तोंडावरनं वाटत न्हाई.’