चालायला कोणाला फुरसत?

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात घरकाम, मजुरी, पायपीटही धरतात. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ तेवढी करत नाहीत: स्त्रियांत सुमारे ५७ टक्के, पुरुषांत ४२. वय, लिंग, उत्पन्न, कामाचे स्वरूप आणि वस्ती यांवर हे बरेचसे ठरते. छत्रपती संभाजीनगरात पहाटे गोगाबाबा टेकडी चढणे आणि वाळूजच्या कारखान्यात पाळीभर ओझी उचलणे, दोन्ही श्रमच. पहिला हौसेचा, दुसरा पोटासाठीचा. या अंकात दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडला आहे. वाचकांनी आपल्या घराचा, गल्लीचा अनुभव जरूर कळवावा.