नमनाबरोबर श्रवणही हवे

वारकरी पंथात भेट होताच धाकटा वडिलांच्या आणि वडीलही धाकट्याच्या पायां पडतो. ही चाल खरोखर भूषणावह आहे. परंतु पायां पडणे सोपे, दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे कठीण. आणि पुढारीपणाची खरी कसोटी तीच होय. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर शतकानुशतके आहे. तथापि त्यांच्या बांधवांचे गाऱ्हाणे मंदिराचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांच्या कानी शिरण्यास १९४७ साल उजाडावे लागले, व त्यासाठी साने गुरुजींस उपोषण करावे लागले.

घरोघरी तरी निराळे काय घडते? नामदेवांच्या घरची दासी जनाबाई, तिचे अभंग आपण आदराने गातो. पण घरातील लग्नाचा वा कर्जाचा बेत सुनेस ठरल्यावरच कळतो. २००५ च्या कायद्याने मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. परंतु हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्यापूर्वी तिचे मन विचारणारे किती?

आमची सूचना साधी आहे. दिंडीत प्रमुखाने व घरात कर्त्याने आपले मत सर्वांच्या शेवटी सांगावे, आणि आरंभ सर्वांत धाकट्यापासून करावा. वडिलांनी आधीच निकाल दिला म्हणजे बाकीचे केवळ मान डोलावितात. त्यास संमती म्हणणे ही आत्मवंचना होय. अशाने अधिकार उणावेल ही भीती व्यर्थ आहे. ज्याचे म्हणणे ऐकले गेले, तो विरुद्ध गेलेला निर्णयही आपला मानून पाळतो.