रंग उरला, गाव हरवले

१७९७ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी दक्षिण अमेरिकेतील एका बेडकाला ‘टिंक्टोरिया’, म्हणजे रंगविणारा, असे नाव दिले. पोपटाची पिसे उपटून त्या जागी हा बेडूक चोळला, की नवी पिसे निराळ्या रंगाची उगवतात, अशी गयाना प्रांतातील आदिवासींविषयीची कथा तेव्हा युरोपात पोहोचली होती. तिच्यात तथ्य किती, हा भाग वेगळा.

याच बेडकाचे अनेक रंगप्रकार आज युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांच्या काचपेट्यांत वाढतात. त्यांना आपण विषबाण बेडूक म्हणतो; पण पेटीत विष येत नाही. रानात मुंग्या आणि सूक्ष्म कोळीकिडे खाऊन ते अंगात साठते. फळमाश्यांवर पोसलेला बेडूक निर्विष असतो. कोलंबियाचे एम्बेरा शिकारी ज्याच्या पाठीवर फुंकनळीचे बाण घासत, त्या सोनेरी बेडकाचे बंदिवासात जन्मलेले वंशजही निरुपद्रवीच.

विष गेले, रान गेले. उरला रंग, आणि मूळ ठिकाणाची चिठ्ठी. दोन ठिकाणचे रंगप्रकार एकत्र ठेवून ‘नवा’ रंग काढणारे ती चिठ्ठीही फाडतात, हा खरा आक्षेप आहे.

निळ्या बेडकाचेच पाहा. सुरिनामच्या दक्षिणेस सिपालिविनीच्या गवताळ प्रदेशात रानाचे तुकडे बेटांसारखे विखुरलेले आहेत. तेथील हा बेडूक १९६९ साली होगमूड यांनी स्वतंत्र जात म्हणून नोंदविला. २००६ साली तो क्युव्हिएंच्याच जातीत सामावला गेला. मग संकरास हरकत कोणती, असे विचारले जाते. हरकत अशी, की जात हा वर्गीकरणकाराचा निर्णय. तो पुन्हा फिरू शकतो. त्या रानतुकड्यांतला दीर्घ एकांत मात्र घडून गेला आहे, आणि निळा रंग ही त्याची नोंद आहे. अनेक जुने पाळणारे आजही निळे बेडूक वेगळे ठेवतात. त्यांचेच बरोबर.

पनामाच्या बोकास देल तोरो द्वीपसमूहात तर गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत समुद्र चढून बेटे सुटी झाली, आणि एकाच जातीचे बेडूक कोठे लाल, कोठे हिरवे, कोठे निळसर झाले.

अर्थात सगळ्याच चिठ्ठ्या खऱ्या नसतात. १९८७ पासून या बेडकांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे, तरी तस्करी थांबलेली नाही. आणि तस्कर मूळ ठिकाण का सांगेल? नाण्यांचा ठेवा दलालाने सुटा सुटा विकला, की प्रत्येक नाणे शाबूत राहूनही ठेवा संपतो, तसेच हे. कोलंबियातील लेहमानचा बेडूक १९७६ साली शास्त्राला ज्ञात झाला. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. संग्राहकांची मागणी हे त्यामागचे एक कारण आहे. कोलंबियातच आता त्याची परवानाधारक पैदास होते, आणि पिल्लू कोणत्या जोडीचे, हे तेथे लिहून ठेवलेले असते.