नमुना मोजण्यापूर्वी

झिजलेला पार्ट टेबलावर ठेवून ‘अगदी असाच करून द्या’ म्हणणारा ग्राहक आपल्यापैकी प्रत्येकाच्या शॉपमध्ये येतो. ड्रॉइंग हरवलेले असते, मूळ कारखाना बंद पडलेला असतो. आपण व्हर्निअर काढतो, फार तर सीएमएमवर जॉब चढवतो आणि मोजायला लागतो. रिव्हर्स इंजिनिअरिंगला वाहिलेल्या या अंकाच्या सुरुवातीला, ‘असाच करून द्या’ या मागणीवरच उभ्या राहिलेल्या एका उद्योगाकडे पाहू.

इटलीत ब्रेशियाजवळ गार्दोने व्हाल ट्रोम्पिया हे बंदुकांच्या कारागिरीचे जुने गाव आहे. तिथे आल्दो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये कारखाना काढला. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती आणि तिथल्या शौकिनांना त्या काळची हत्यारे नवी कोरी हवी होती. सुरुवात कोल्टच्या रिव्हॉल्व्हरने झाली. पुढे १८६० ची हेन्री, १८६६ आणि १८७३ ची विंचेस्टर अशा लिव्हर रायफली आल्या. चापाभोवतीचा लिव्हर खाली ढकलला की रिकामे काडतूस बाहेर पडते; परत वर ओढला की नवे काडतूस नळीत बसते. बोल्टमागचे दुवे त्या वेळी एका रेषेत येतात आणि बोल्ट अडकतो. फिक्स्चरवरच्या टॉगल क्लॅम्पचेच हे तत्त्व.

आता नकलेतली पहिली अडचण. मूळ हेन्री आणि १८६६ ची विंचेस्टर .४४ रिमफायर काडतूस वापरत. ते बाजारातून कधीच गेले. म्हणून या नकला १८७३ च्या रायफलीबरोबर आलेल्या .४४-४० सारख्या काडतुसांसाठी बनवल्या जातात. पण .४४-४० लांब आहे. त्यामुळे काडतूस वर उचलणारा ठोकळा लांबवावा लागला आणि त्याच्यामागोमाग फ्रेमही. या ठोकळ्याची लांबी मनाला येईल तशी ठेवता येत नाही. मॅगझिनमधले पुढचे काडतूस थोपवायला वेगळा स्टॉपर नाही. ठोकळ्यात बसलेले काडतूसच ते काम करते. ते आखूड असेल तर मागून येणारे आत डोकावते, लांब असेल तर स्वतःच बाहेर राहते; दोन्ही वेळा यंत्रणा अडकते. इथे काडतूस हा यंत्राचाच एक पार्ट आहे. रायफल कितीही बारकाईने मोजली तरी हे व्हर्निअरवर दिसत नाही.

दुसरी गोष्ट धातूची. १८६६ च्या मूळ रायफलीची फ्रेम गनमेटलची होती, म्हणून तिला ‘यलो बॉय’ म्हणत. आजच्या नकलेतही फ्रेम पिवळीच असते, १८७३ च्या नकलेत पोलादी. दुव्यांची रचना दोन्हींत एकच. तरी उबेर्ती १८७३ ची रायफल .३५७ मॅग्नममध्ये देते आणि पिवळ्या फ्रेमची .३८ स्पेशलवर थांबवते. दोन्ही गोळ्यांचा व्यास सारखा, पण मॅग्नमचा दाब सुमारे दुप्पट. आकार जुळला म्हणून ताकद जुळत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

आणि ग्राहक? हेन्रीच्या मॅगझिनला खालून उघडी खाच आहे, तिच्यातून माती आत जाते. विंचेस्टरने १८६६ मध्ये मॅगझिन बंद करून काडतुसे भरायला फ्रेमच्या बाजूला झडप दिली. तरी हेन्रीच्या नकलेत ती खाच कायम ठेवावी लागते. दोष झाकला तर गिऱ्हाईक ‘ही हेन्रीच नव्हे’ म्हणेल. विंचेस्टरचेच नाव लावून जपानच्या मिरोकू कारखान्यात बनणाऱ्या १८९२ च्या नमुन्यावर सेफ्टीचे बटण आले, तेव्हा त्यावर अनेकांनी नाके मुरडली. उलट, काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणारे खेळाडू १८७३ च्या नकलेतले दुवे बदलून लिव्हरची चाल मुद्दाम आखूड करून घेतात. बाहेरून रायफल तीच, आतली भूमिती वेगळी.

म्हणजे नमुन्यावरच्या मापांच्या तीन जाती झाल्या: काम चालण्यासाठी लागणारी, ग्राहकाच्या डोळ्यासाठी लागणारी, आणि केवळ त्या काळच्या धातूमुळे किंवा यंत्रांमुळे तशी राहिलेली. पहिलीला हात लावायचा नाही, दुसरीबद्दल विचारून घ्यायचे, तिसरी बदलायला आपण मोकळे. झिजेमुळे आलेले माप यांपैकी कशातच बसत नाही. ते ड्रॉइंगवर उतरले तर आपण मूळ पार्टची नव्हे, त्याच्या म्हातारपणाची नक्कल करतो.

गार्दोनेत प्रत्येक रायफल विकण्यापूर्वी सरकारमान्य चाचणीगृहात नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने तपासली जाते आणि तिच्यावर शिक्का बसतो. आपल्या पार्टवर असा शिक्का कोणी मारत नाही. तेव्हा पुढच्या वेळी नमुन्यावरून ड्रॉइंग काढाल, तेव्हा एक जादा रकाना ठेवा: कोणते माप मूळचे, कोणते बदलले आणि का. त्याची एक प्रत ग्राहकालाही द्या.